न वितळणारं नाक जळतं कसं?

मागच्या वेळी या सदरात हायपरसॉनिक यानांच्या, म्हणजे आवाजाच्या पाचपटीहून जास्त वेगानं हवेतून जाणाऱ्या यानांच्या नाकाविषयी लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: 'झिर्कोनियम डायबोराइड ३२०० अंशांच्या वर वितळतं, तरी २००० अंशांच्या हवेत त्याचा भरवसा देता येत नाही.' या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यालाच देते आहे. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मी चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. सिरॅमिक म्हणजे वीट-कपबशीसारखा आधीच 'जळून झालेला' पदार्थ, त्याला आग काय करणार, असं मुलांना सांगत आलो. मग तुमचं सिरॅमिक पुन्हा जळतं कसं? आणि ते वितळायला एवढं तापवावं लागत असेल, तर अडतं कुठे?
— निवृत्त शिक्षक, इस्लामपूर

उत्तर : सर, तुमचं वाक्य विटेला, कपबशीला, स्पार्क प्लगच्या पांढऱ्या अ‍ॅल्युमिनाला तंतोतंत लागू आहे. ती सगळी ऑक्साइडं. ऑक्सिजनशी त्यांचा संसार आधीच थाटून झालेला आहे. पण झिर्कोनियम डायबोराइड, हाफ्नियम डायबोराइड, टँटलम कार्बाइड या मंडळींत ऑक्सिजनचा एक अणूही नाही. आर्गॉन भरलेल्या भट्टीत तापवा, ३००० अंशांनाही ती घट्ट उभी राहतात. हाफ्नियम कार्बाइड तर ३९०० अंशांच्या वर जाईपर्यंत वितळत नाही. पण हवा लागली की गोष्ट बदलते. लाकडासारख्या ज्वाळा निघत नाहीत, तरी रसायनशास्त्राच्या भाषेत ती जळतातच.

तुम्ही लगेच विचाराल, मग झिर्कोनियम ऑक्साइडचंच, म्हणजे झिर्कोनियाचंच नाक करा की! ते जळून झालेलं आहे आणि २७०० अंशांपर्यंत वितळतही नाही. अडचण अशी की झिर्कोनियातून उष्णता पुढे सरकत नाही. टोक पांढरंशुभ्र तापतं, बोटभर मागचा भाग थंड राहतो आणि त्या ओढाताणीत तुकडा तडकतो. डायबोराइड मात्र जवळपास लोखंडासारखी उष्णता वाहून नेतं, झिर्कोनियाच्या कितीतरी पट. टोकावरची आग ते मागे वाटून देतं. म्हणून जळणारा पदार्थच घ्यायचा आणि तो नीट जळेल अशी तजवीज करायची, असा हा सगळा उद्योग आहे.

नीट जळणं म्हणजे काय, ते मी प्रयोगशाळेत पाऊल टाकायच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. माझे आजोबा सोनार. कराडला पेठेत त्यांचं दुकान होतं. डाख देण्याआधी ते सांध्यावर ओली सवागी लावायचे. फुंकनळीनं ज्योत वळवली की सवागी आधी लाहीसारखी फुगायची, पांढरी व्हायची, मग एकाएकी खाली बसून काचेच्या थेंबासारखी पाघळायची आणि सांध्यावर पसरायची. 'ती हवा लागू देत नाही,' एवढंच आजोबा सांगायचे. सवागी म्हणजे टाकणखार, बोरॉनचा क्षार.

झिर्कोनियम डायबोराइड जळताना स्वतःची सवागी स्वतःच तयार करतं. जळून दोन वस्तू निघतात: पांढरा झिर्कोनिया आणि बोरिक ऑक्साइड. कॅरमच्या पटावर आपण जी बोरिक पावडर भुरभुरतो ती तापवून तिच्यातलं पाणी घालवलं की जे उरतं, तेच हे बोरिक ऑक्साइड. ते ४५० अंशांनाच वितळतं आणि झिर्कोनियाच्या बारीक छिद्रांत मुरून बसतं. ऑक्सिजनला आत जायचं असेल तर त्या चिकट काचेतून मुंगीच्या पावलानं जावं लागतं. साधारण ११०० अंशांपर्यंत हा बंदोबस्त उत्तम चालतो. त्यानंतर काच वाफ होऊन उडू लागते. हवेत ओल असेल तर आणखी लवकर उडते. मागे उरतो नुसता सच्छिद्र झिर्कोनिया, नखानं खरवडला तर खडूसारखा निघणारा.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण नवी मुलं अजून तीच करतात. कामाला लागून वर्ष झालं होतं. एकाच घाणातले दोन तुकडे घेतले, दोन्ही ग्लुकोज बिस्किटाच्या पाव भागाएवढे. दोन्ही एकाच तापमानाला एकेक तास ठेवले. फरक इतकाच की एका वेळी भट्टीतली हवा स्थिर होती, दुसऱ्या वेळी पंपानं वाहती. वाहत्या हवेतल्या तुकड्याचं वजन कमी वाढलं. वजन कमी वाढलं म्हणजे ऑक्सिजन कमी खाल्ला, असं मी वहीत लिहून मोकळी झाले. आमच्या वरिष्ठांनी वही मिटली आणि म्हणाले, 'वजन नको सांगू, कापून दाखव.' हिऱ्याच्या चकतीवर दोन्ही तुकडे कापले, एपॉक्सीत बसवून घासले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. वाहत्या हवेतल्या तुकड्यावरचा जळका थर दुसऱ्याच्या दुपटीहून जाड होता.

हिशेब साधा आहे, सर, तुम्ही फळ्यावर मांडून पाहा. १०० ग्रॅम झिर्कोनियम डायबोराइड पूर्ण जळलं आणि सगळी काच जागेवर राहिली, तर १७१ ग्रॅम भरतं. काच सगळी उडून गेली, तर फक्त १०९. म्हणजे ज्याचं संरक्षण हरवलं त्याचंच वजन कमी वाढतं. तेव्हापासून कुणी नुसता वजनाचा आलेख पुढे केला की मी कापलेला तुकडा मागते. यान तर वाहत्या हवेतच जाणार असतं, स्थिर हवेत नाही.

आता काच उडते यावर तोड काय? १९६० च्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या मॅनलॅब्स या कंपनीत कॉफमन आणि क्लोहर्टी यांच्या गटानं डायबोराइडांत नाना गोष्टी मिसळून पाहिल्या. त्यांतलं एक मिश्रण आजही बहुतेक प्रयोगांचा आरंभबिंदू आहे: आकारमानानं ८० टक्के डायबोराइड आणि २० टक्के सिलिकॉन कार्बाइड. सुरी-कात्रीला धार लावणाऱ्याच्या चाकातलं कार्बोरंडम, तेच हे. ते जळलं की सिलिका देतं. सिलिका आणि बोरिक ऑक्साइड एकत्र आले की बोरोसिलिकेट काच तयार होते, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राच्या घराण्यातली. ही काच जास्त चिकट, सहजी न उडणारी. तडा गेला तर त्यात वाहून तो बुजवते. १६०० अंशांच्या आसपासपर्यंत तापवलेला हा तुकडा भट्टीतून बाहेर काढला की वरून बरणीच्या झिलईसारखा चकाकतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो फार देखणा वाटला होता. आजही वाटतो.

त्याच्याही पुढे गेलं की सिलिकाही पातळ होते, उडते, खालून येणाऱ्या वायूंनी तिला फोड येतात. वेगाची हवा तिला मागे ढकलून देते. मग राहतो पुन्हा झिर्कोनिया. आणि झिर्कोनिया ऑक्सिजनला अडवत नाही, उलट वाट देतो. तुमच्या गाडीच्या धुराड्याजवळ ऑक्सिजन मोजणारा जो सेन्सर असतो, तो बहुतेकदा झिर्कोनियाचाच असतो, कारण तापल्यावर त्याच्यातून ऑक्सिजनचे आयन पलीकडे जातात. सेन्सरला जो गुण उपयोगी, तोच इथे घातक.

भरीला आणखी एक. झिर्कोनियाची स्फटिकरचना ११७० अंशांच्या सुमारास बदलते. थंड होताना त्या टप्प्यावर तो चार-पाच टक्के फुगतो आणि कवच पापुद्रे धरून सुटतं. एकदा तापून थंड झालेलं नाक दुसऱ्या उड्डाणाला कोऱ्या नाकासारखं वागत नाही ते यामुळे. हाफ्नियामध्ये, म्हणजे हाफ्नियमच्या ऑक्साइडमध्ये, हा बदल १७०० अंशांच्या जवळपास होतो आणि फुगणंही थोडं कमी. म्हणून महाग आणि जवळपास दुप्पट जड असूनही हाफ्नियम डायबोराइड सोडवत नाही.

म्हणून कुठल्याही नव्या सिरॅमिकची बातमी वाचाल तेव्हा ते किती अंशांना वितळतं हा आकडा बाजूला ठेवा आणि त्याच्यावर कवच कसलं धरतं ते शोधा. बातमीत ते नसेल, तर बातमी अर्धीच आहे.

प्रश्न : अंतराळातून परत येणाऱ्या यानांचं नाक बोथट असतं, म्हणजे ते कमी तापतं, असं आमच्या पुस्तकात आहे. मग हायपरसॉनिक यानाचं नाक टोकदार करून मुद्दाम संकट का ओढवून घ्यायचं?
— अकरावीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पुस्तकातलं बरोबर आहे आणि तुझी शंकाही. १९५१ साली अमेरिकेच्या एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन अ‍ॅलन यांनी दाखवलं की बोथट नाकासमोर आघातलहर, म्हणजे यानापुढे दाबल्या गेलेल्या हवेची भिंत, दूर उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच वाहून जाते. पण परतणाऱ्या यानाला वेग कमीच करायचा असतो, त्याला हवेचा अडथळा हवाच असतो. हायपरसॉनिक यानाला त्याच वेगानं शेकडो किलोमीटर जायचं असतं, वळायचं असतं. शिवाय आवाजाहून वेगानं वाहत्या हवेतच इंधन जाळणाऱ्या स्क्रॅमजेट इंजिनाच्या तोंडाची कड धारदार नसेल तर आघातलहर हवी तिथे बसत नाही आणि इंजिनाला नीट हवा मिळत नाही.

याची किंमत एका नियमानं ठरते: नाकावर येणारी उष्णता त्रिज्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० सेंटिमीटर त्रिज्येचं नाक ३ मिलिमीटरचं केलंस, तर त्रिज्या १०० पट घटली आणि उष्णतेचा मारा १० पट झाला. १९९७ मध्ये नासानं शार्प-बी१ या प्रयोगात ३.६ मिलिमीटर त्रिज्येचं हाफ्नियम डायबोराइडचं टोक मिनिटमन क्षेपणास्त्रावर बसवून खरोखरच उडवलं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गोलाईवर सगळा मारा!

एवढी उष्णता जाते कुठे, ते फार सुंदर आहे. काही मागे वाहते आणि उरलेली प्रकाश होऊन बाहेर पडते. २००० अंशांना तापलेला नखाएवढा पृष्ठभाग, चौरस सेंटिमीटरभर, १२० वॅटच्या आसपास उष्णता नुसती झळकून टाकतो. पण त्यासाठी कातडी चांगली झळकणारी हवी. सिलिकेची काच त्यात पटाईत आहे, पांढरा झिर्कोनिया तसा नाही. काच टिकून असेतो तापमान आटोक्यात राहतं. ती गेली की मारा तेवढाच असूनही पृष्ठभागाचं तापमान आपोआप काहीशे अंशांनी उसळतं. इटलीत कापुआ इथे ७० मेगावॅटचा शिरोक्को नावाचा प्लाझ्मा झोत, म्हणजे विजेनं प्रचंड तापवलेल्या वायूचा झोत आहे, अशा झोतांत हे डोळ्यांसमोर घडतं. साध्या भट्टीत कधीच दिसत नाही, कारण तिथे तापमान आपण ठरवतो, तुकडा नाही.

आणखी एक खोच तुझ्यासाठी. या वेगात ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे अणू होतात. ते नाकावर येऊन पुन्हा जोडले गेले तर जोडणीची उष्णता नाकाच्याच पदरात टाकतात. काचेवर ते फारसे जोडले जात नाहीत, धातूवर चटकन जोडले जातात. कातडी कशाची आहे यावर उष्णतेचा माराच कमी-जास्त होतो. बारावीत उत्प्रेरक शिकशील तेव्हा हे आठव.

प्रश्न : आमच्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे रॉड १४०० अंशांच्या भट्टीत महिनोन् महिने चालतात. तुम्ही म्हणता तेच सिलिकॉन कार्बाइड नाकात दगा देतं. हे पटत नाही.
— सुपरवायझर, भोसरी

उत्तर : दादा, तुमचे रॉड टिकतात ते त्यांच्यावरच्या सिलिकेच्या पातळ कातडीमुळे. ती कातडी हळूहळू जाड होते म्हणून रॉडचा रोध वाढत जातो आणि तुम्हाला ट्रान्सफॉर्मरचा टॅप वर न्यावा लागतो, हा तुमचा रोजचा अनुभव. तुमच्या भट्टीत हवा भरपूर असते. ऑक्सिजन भरपूर असला की सिलिकॉन कार्बाइड सिलिका देतं, घट्ट आणि चिकटून बसणारी.

ऑक्सिजन अपुरा पडला की तेच सिलिकॉन कार्बाइड वेगळं जळतं. सिलिकेऐवजी सिलिकॉन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो वायू आहे. कातडी धरत नाही, पदार्थ नुसता झिजत जातो. हायड्रोजनच्या भट्टीत हे रॉड लवकर जातात असं तुम्ही कुणाकडून ऐकलं असेल, ते याच कुळातलं.

यानाला ऑक्सिजनचा तुटवडा दोन ठिकाणी गाठतो. पहिलं ठिकाण म्हणजे उंची. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या एक-सव्वा टक्का उरतो. मॅक ६ ला, म्हणजे आवाजाच्या सहापट वेगाला, आघातलहरीनं दाबली जाऊन नाकाच्या टोकावर तीच हवा साधारण अर्ध्या वातावरणाची होते, १४०० ते १६०० अंश तापते, आणि तिथे अजून निभावतं. जास्त उंचीवर, जास्त वेगात ते समीकरण बिघडतं.

दुसरं ठिकाण त्याच्या स्वतःच्या कातडीखाली आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. वरची काच जितकी चांगली, तितका तिच्याखाली ऑक्सिजन कमी. मग काचेच्या आड बसलेलं सिलिकॉन कार्बाइड वायू होऊन निघून जातं आणि भोवतीचं डायबोराइड तसंच राहतं. असा तुकडा कापून पाहिला तर वर काळसर काच, तिच्याखाली काचेत रुतलेला पांढरा झिर्कोनिया, त्याखाली एक जाळीदार पट्टा आणि मग धडधाकट मूळ पदार्थ. पट्ट्यातल्या प्रत्येक भोकाच्या जागी कधीकाळी सिलिकॉन कार्बाइडचा एक दाणा होता. अळीनं पान खाऊन शिरा तेवढ्या उराव्यात, तशी ती जाळी दिसते. वरून चकचकीत तुकडा आतून पोकळ झालेला असतो, आणि झटका बसला की कवच त्याच पट्ट्यातून निघतं.

म्हणून आता कुणी सिलिकॉन कार्बाइडचं प्रमाण घटवतात, कुणी टँटलमची किंवा टंगस्टनची संयुगं घालून काच जास्त चिकट किंवा झिर्कोनियाचं कवच जास्त दाट करू पाहतात, कुणी लँथॅनम घालून वर न वितळणारं वेगळं ऑक्साइड धरवतात. २००० अंशांच्या पलीकडे काचेवर विसंबून चालत नाही, तिथे दाट आणि न सुटणारं ऑक्साइडचं कवचच हवं. माझा स्वतःचा जीव मात्र एका कमी दिमाखाच्या गोष्टीत अडकलेला आहे: दाणे बारीक आणि एकसारखे मिसळलेले असणं. सन २००० मध्ये नासाच्या शार्प-बी२ या प्रयोगात डायबोराइडची धारदार पाती उडवून समुद्रातून परत मिळवली. त्यांतली काही तडकलेली निघाली, आणि दोष मुख्यतः घडणीचा होता. दाण्यांचे गठ्ठे राहिले की तिथून तडा जातो. तुमच्यासारखी माणसं, ज्यांना भट्टीतला माल हातात घेऊन त्याचं दुखणं कळतं, ती या कामात हवी असतात.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली आहे. भारतात या विषयावर काम होतं का? की हे सगळं एरोस्पेस इंजिनिअरांचंच?
— विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : होतं, आणि वेगानं होतं आहे. ७ सप्टेंबर २०२० ला डीआरडीओनं ओडिशाच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या हायपरसॉनिक यानाचं स्क्रॅमजेट इंजिन वीस सेकंदांहून जास्त चाललं, वेग मॅक ६. नोव्हेंबर २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी झाली. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला छोट्या आकाराचा स्क्रॅमजेट दहनकक्ष जमिनीवर १००० सेकंदांहून जास्त चालवला. वीस सेकंदांत जे खपून जातं ते हजार सेकंदांत खपत नाही. तिथे आतल्या कातडीचा प्रश्न, म्हणजे तुझा रसायनशास्त्राचा प्रश्न, पुढे येतो.

शिकायला सिरॅमिक इंजिनिअरिंगचे विभाग वाराणसीच्या आयआयटीत आणि राउरकेलाच्या एनआयटीत आहेत. कोलकात्याला सीएसआयआरची काच आणि सिरॅमिकची संशोधनसंस्था आहे. हैदराबादला पावडर धातुकर्म आणि नव्या पदार्थांसाठी एआरसीआय आहे. बंगळूरची आयआयएससी आहेच. एम.एस्सी. करून पदार्थविज्ञानाच्या संशोधनाकडे वळलेल्या अनेक मुली मी पाहिल्या आहेत, माझ्याच भट्टीपाशी दोघी तयार झाल्या. उष्मागतिकी पक्की कर. कुठल्या तापमानाला, किती ऑक्सिजनमध्ये कुठलं ऑक्साइड टिकेल आणि कुठलं वायू होईल, हे कागदावर मांडता आलं की अर्धा प्रवास झाला.

आणि प्रॅक्टिकलला टाकणखार मण्याची चाचणी असेल, ती घाईनं उरकू नकोस. प्लॅटिनमच्या तारेच्या कडीत टाकणखार घेऊन ज्योतीत धरलास की तो फुगेल, मग बसेल, मग थेंबभर स्वच्छ काच होईल. त्या काचेला कोबाल्टच्या क्षाराचा कण लाव आणि पुन्हा ज्योतीत धर. धातूचं ऑक्साइड काचेत विरघळत जाताना निळा रंग कसा पसरतो, ते मणी थंड होईपर्यंत पाहत राहा. मग मला पत्र लिही.